पिंजऱ्यात ठेवलेलं इंजेक्शन

चहा आधी पिऊन घ्या. कारण मी जो घोळ घातला तो ऐकल्यावर तुम्ही माझ्या हातचं काही घ्याल की नाही, मला शंकाच आहे. आता काय सांगू, चूक करणारी माणसं जगात भरपूर असतात, पण पद्धतशीरपणे, चिठ्ठी लावून, रजिस्टरमध्ये नोंद करून चूक करणारा माझ्यासारखा मीच.

आधी माझा स्वभाव सांगतो. मी निघून जातो. म्हणजे घर सोडून नाही हो. बसल्या जागेवरून. समोरचा माणूस बोलत असतो, मी मान हलवत असतो, आणि मी तिथे नसतोच. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत आलेला माल तपासायचं माझं काम. तुम्ही म्हणाल, असल्या माणसाला तपासणीला कोणी ठेवला? पण गंमत अशी की पंधरा वर्षांत माझ्या हातांना माझी गरज उरलेली नाही. हात मोजतात, हात लिहितात, हात चिठ्ठी बांधतात. माल चांगला असेल तर हिरवी, खराब असेल तर लाल, आणि कागदपत्रं नसतील, शंका असेल तर पिवळी. पिवळी चिठ्ठी म्हणजे थांबा. तो माल एका जाळीच्या पिंजऱ्यात जातो आणि शंका फिटेपर्यंत कुलपात बसतो.

आणि मी? मी तेव्हा पांडवलेण्याच्या डोंगराखालून बाईकवर चाललेलो असतो. पुढे टाकीवर एक लहान मुलगी बसलेली असते. हिवाळ्याची सकाळ असते, शेतांवर धुकं असतं, आणि ती मला विचारत असते, "बाबा, डोंगर आपल्याबरोबर का चाललाय?" मुलगीच का, ते मला माहीत नाही. स्वप्नात तीच यायची. कपाळावर आलेले केस ती मनगटाने मागे सारायची, तेही मला दिसायचं.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. बाकी सगळं होतं, तेवढं नव्हतं. शेवटी अर्चना, म्हणजे माझी बायको, एक दिवस म्हणाली, "अहो, आता दवाखान्यात जाऊया. नुसतं खिडकीबाहेर बघून होत नसतं ते." गेलो. तपासण्या झाल्या, सुया झाल्या, प्रयोगशाळेत गर्भ तयार झाले. पहिल्या वेळी गर्भ आत सोडला, पण राहिला नाही. त्या वेळी अर्चना आठ दिवस नीट बोलली नव्हती. गोठवून ठेवलेला आता एकच उरला होता. एकच. हा आकडा आम्ही घरात मोठ्याने उच्चारत नव्हतो.

दुसऱ्या खेपेच्या आधी डॉक्टरीण बाईंनी आम्हाला त्यांच्या आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. मॅडम शांतपणे समजावत होत्या. तूप, लोणी, वनस्पती तूप, बेकरीचं कमी करा, तळलेलं कमी करा. त्याऐवजी शेंगदाण्याचं तेल, जवस, तीळ, अक्रोड असं मापात घ्या. अर्चनाने विचारलं, "याने नक्की फरक पडतो का?" मॅडम म्हणाल्या, "कोणत्या चरबीने किती फरक पडतो, यावर अजून एकमत नाही. पण याने तब्येत चांगली राहते, नुकसान काहीच नाही."

इथपर्यंत मी होतो. खरंच होतो. मग मॅडमच्या मागच्या खिडकीत एक पारवा येऊन बसला, आणि मी गेलो. परत आलो तेव्हा मॅडम माझ्या हातात यादी देत होत्या आणि अर्चना उठून उभी राहिली होती. मधली चार-पाच मिनिटं कुठे गेली, विचारू नका. तिकडे डोंगर चालत होता.

यादी हातात आली आणि माझ्यातला तपासनीस जागा झाला. सांगतो तुम्हाला, नऊ वर्षांत पहिल्यांदाच मला या सगळ्यात काहीतरी काम मिळालं होतं. सुया तिला, गोळ्या तिला, कळा तिला. मी आपला फाईल धरून बाकावर. आता निदान यादी तरी माझी होती. मी ती छातीशी धरून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून चिठ्ठ्यांची तीन पुडकी आणली आणि स्वयंपाकघर तपासायला घेतलं. शेंगदाण्याचं तेल, हिरवी. जवसाची चटणी, हिरवी. खारी आणि नानकटाई, लाल. पेठकडच्या एका सहकाऱ्याने घरच्या खुरासणीचं तेल दिलं होतं, ते यादीत नव्हतं, म्हणून पिवळी. अर्चना ओट्याला टेकून बघत होती.

"अहो, कढीपत्त्याला हिरवी चिठ्ठी कशाला?"

"गोंधळ नको म्हणून."

"गोंधळ कोणाला होणारे? मला कढीपत्ता ओळखू येतो."

त्याच आठवड्यात चांदवडहून सासूबाई आल्या. सोबत कांद्याची पिशवी आणि घरच्या म्हशीच्या तुपाची बरणी. लेकीच्या अंगाला लागावं म्हणून महिनाभर साय साठवून कढवलेलं तूप होतं ते. मी बरणी हातात घेतली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हे कधीचं आहे? कढवलेली तारीख?"

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "जावईबापू, तूप हाय ते. त्याची काय जन्मपत्रिका असती व्हय?"

"तसं नाही आई, पण घरातल्या सगळ्या चरबीचा हिशोब..."

"कोणाच्या चरबीचा?" त्या म्हणाल्या, आणि अर्चना तोंडाला पदर लावून बाल्कनीत पळाली.

सकाळी त्यांनी पाहिलं तर बरणीच्या गळ्यात लाल चिठ्ठी. दुपारच्या बसने जाताना त्या लेकीला दारात म्हणाल्या, "माणूस चांगला हाय गं तुझा. पण लय तपासतो." मला ते ऐकू आलं, आणि खरं सांगू, मला ती शाबासकी वाटली. आता बोला.

तीन आठवडे मी घर असं चालवलं. चमच्याने तेल, मोजून तीळ, दररोज चार अक्रोड, आणि रात्री वहीत नोंद. अर्चना करत होती सगळं. एकदाच म्हणाली, "मॅडम शेवटी काय म्हणाल्या ते आठवतं का तुम्हाला?" मी म्हटलं, "सगळं आठवतं." ती नुसती हसली. मला वाटलं, खूश आहे.

मग आला तो दिवस. डॉक्टरीण बाईंनी तारीख ठरवून दिली होती. त्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता पहिलं इंजेक्शन, मग रोज एक, आणि त्या पहिल्या इंजेक्शनपासून दिवस मोजून गर्भ आत सोडायचा. "पहिली सुई चुकवू नका," त्यांनी बजावलं होतं, "सगळं गणित तिच्यावर आहे." सुई द्यायला आमच्या तळमजल्यावरच्या शिंपी काकू होत्या. मोठ्या दवाखान्यात नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, हात हलका आणि जीभ तिखट.

सकाळी ड्यूटीला निघण्यापूर्वी मी इंजेक्शनांची पेटी सहज उघडली. खोक्यावरचं बारीक अक्षर वाचायची मला खोडच आहे. वाचलं, आणि पुन्हा वाचलं. ते औषध तेलात कालवलेलं होतं. तेलात! तेलाचं नाव वाचलं. यादी काढली. यादीत ते तेल नव्हतं.

आता माझ्या जागी बसून बघा. तीन आठवडे मी चमच्या-चमच्यावर पहारा देतोय, सासूबाईंच्या तुपाला लाल चिठ्ठी लावलीय, आणि इथे एक अनोळखी तेल रोज थेट अंगात जाणार. दवाखान्याला फोन लावला, तर अजून उघडला नव्हता. म्हटलं, कंपनीत जाऊन दहा वाजता पुन्हा फोन करू, नीट नाव वाचून विचारू. म्हणून पेटीला पिवळी चिठ्ठी बांधली आणि ती डब्याच्या पिशवीत टाकली. अर्चना आंघोळीला गेली होती. तिला कशाला घाबरवायचं?

इथपर्यंत निदान माणसाचं डोकं होतं. यापुढे फक्त हात होते.

कंपनीत पोहोचलो, पेटी टेबलावर ठेवली. त्या दिवशी धुकं उशिरापर्यंत रेंगाळलं होतं. शेडच्या मोठ्या दारातून पांढरं पांढरं दिसत होतं, आणि त्यातून ती आली. या वेळी ती टाकीवर नव्हती, माझं बोट धरून चालत होती. तिच्या हातात अर्धा खाल्लेला पेरू होता. मला म्हणाली, "बाबा, तुम्ही पण चावा घ्या, पण छोटा." मी छोटा चावा घेतला. किती वेळ गेला कोण जाणे. मध्ये जेवणाची सुट्टी झाली, दोन ट्रक रिकामे झाले, पाळी संपली, आणि मी कंपनीच्या बसमध्ये बसून घरी आलो. पेरूची चव तोंडात होती.

सहाला पाच कमी असताना शिंपी काकू कापूस आणि स्पिरिट घेऊन आल्या. अर्चना पलंगावर पालथी झाली. काकूंनी हात पुढे केला. "आणा."

"काय?"

"शालजोडी. अहो, इंजेक्शन आणा की."

मी कपाटाकडे गेलो. तिथून फ्रिजकडे. मग डब्याच्या पिशवीकडे. आणि पिशवीत हात घातल्याबरोबर सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. टेबलावर पिवळी चिठ्ठी बांधलेली वस्तू पडलीय म्हटल्यावर माझ्या हातांनी पंधरा वर्षं केलं तेच केलं होतं. रजिस्टरला नोंद, 'कागदपत्रं अपुरी', माझी सही, आणि पेटी पिंजऱ्यात. वर कुलूप. माझ्या बायकोचं इंजेक्शन बेअरिंगच्या दोन खोक्यांच्या मधे बसलं होतं.

खरं बोलायला पाहिजे होतं. पण मी काय म्हणालो? "बसमध्ये राहिलं वाटतं. आत्ता घेऊन येतो." आणि बाईकला किक मारून पळालो. मागून काकूंचा आवाज आला, "बस कुठल्या कुठे गेली असेल, हे कुठे निघाले?"

अंबडपर्यंत मी देवाजवळ काय काय कबूल केलं असेल, ते माझं मला माहीत. मी निघून जाणं सोडेन. मी चिठ्ठ्या जाळेन. तो एकच गर्भ माझ्यामुळे वाया गेला तर मी अर्चनाला तोंड कसं दाखवू? डोळ्यांत पाणी येत होतं आणि हेल्मेटच्या आत हात जात नव्हता.

गेटवर सोनवणे नावाचे सुरक्षारक्षक होते. मी धापा टाकत म्हटलं, "पिंजरा उघडायचाय."

"दोन किल्ल्या लागतात, साहेब. एक तुमची, एक स्टोअरवाल्या साहेबांची. दुपारी माल आत टाकताना होते ते, आता गेले घरी."

"माझ्या एका किल्लीवर नाही का होत? तातडीचं आहे."

सोनवण्यांनी मला हाताला धरून पिंजऱ्यापर्यंत नेलं आणि जाळीवरची पाटी दाखवली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की कोणीही, कितीही तातडी असली, कितीही वरिष्ठ असला, तरी एकट्याने पिंजरा उघडायचा नाही. खाली सही होती. माझी.

पेटी आत दिसत होती. जाळीतून दोन बोटं जात होती, तिसरं जात नव्हतं. मी तिथेच खाली बसलो आणि चक्क रडलो. अडतीस वर्षांचा माणूस, बेअरिंगसमोर बसून रडतोय. सोनवणे बिचारे घाबरले. "साहेब, आहे काय त्यात?"

"इंजेक्शन आहे हो. बायकोचं. सहा वाजता द्यायचं होतं."

"मेडिकलमध्ये मिळणारं का?"

"हो."

"मग गेटसमोर मेडिकल आहे की."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी त्यांच्या मनात माझ्याविषयी जो आदर होता, तो मी डोळ्यांदेखत जाताना पाहिला.

मेडिकलवाल्याने विचारलं, "चिठ्ठी?" आणि शप्पथ सांगतो, माझा हात खिशातल्या पिवळ्या पुडक्याकडे गेला. "डॉक्टरांची चिठ्ठी," तो म्हणाला. ती घरी होती. म्हणजे आता अर्चनाला फोन करणं आलं. केला. सगळं सांगितलं. तेल, यादी, धुकं, पिंजरा, पाटी.

"तुम्ही माझं औषध कंपनीत जमा केलं?"

"हो."

"नोंद करून?"

"हो."

"बरं. फोटो पाठवते चिठ्ठीचा. घेऊन या." एवढंच. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

औषध मिळालं. पण तुम्हाला वाटेल, आता तरी गप घरी जाईन. छे. मी दुकानाच्या पायरीवरून दवाखान्यात फोन लावला आणि सिस्टरना विचारलं, "पण याच्यातलं तेल यादीत नाही, त्याचं काय?" सिस्टरने फोन सरळ डॉक्टरीण बाईंना दिला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "हे बघा. यादी ताटातल्या चरबीची आहे. इंजेक्शनमधलं तेल औषध विरघळवायला असतं, ते कोणी पोळीवर घालत नाही. ती पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. तासाभराने काही बिघडलेलं नाही, पण आता माझ्याशी बोलू नका, घरी जा."

सव्वासातला घरी पोहोचलो. काकूंनी छोटी बाटली दोन्ही तळव्यांत धरून उबवली, कारण ते तेल घट्ट असतं आणि दुखतं फार. मी अर्चनाचा हात धरला. सुई आत गेली तेव्हा तिने माझी बोटं अशी आवळली की मी कुठेही निघून जाऊ शकलो नाही. मी पूर्ण तिथे होतो. तिच्या कानामागे एक पांढरा केस होता, तो मी पहिल्यांदाच पाहिला.

"दुखलं का गं?"

"हो," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने उशीत तोंड घालूनच म्हणाली, "मॅडम शेवटी काय म्हणाल्या होत्या, सांगू? म्हणाल्या, यादीचा ताण घेऊ नका, चमचाभर तूप खाल्लं तरी चालेल, आणि औषधांत आपल्या मनाने बदल करू नका. तुम्ही पारवा बघत होतात."

काकू कापूस दाबत म्हणाल्या, "म्हणजे महिनाभर पोरीला कोरडा भात खायला घातला होय यांनी?"

ठरल्या दिवशी गर्भ आत सोडला. पडद्यावर एक बारीकसा पांढरा ठिपका दिसला. मी वाकून बघायला लागलो, तर सिस्टरने मला खांद्याला धरून दोन पावलं मागे घेतलं. पुढचे दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. घरात आम्ही दोघं हळू आवाजात बोलायचो, आणि संध्याकाळी बाल्कनीत एकमेकांच्या शेजारी नुसते बसून राहायचो. ती मुलगी त्या दिवसांत माझ्या स्वप्नात आली नाही. मीच तिला येऊ दिलं नाही. भीती वाटायची.

रक्ततपासणीच्या दिवशी मी फोन समोर ठेवून काम केलं. अकरा वाजले, एक वाजला, तीन वाजले. दवाखान्याचा फोन नाही, घरचा फोन नाही. स्वतः लावायची हिंमत नव्हती. मग मी समजून चुकलो. चांगली बातमी कोणी दडवून ठेवत नाही. बसमध्ये खिडकीशी बसून मी तिची समजूत कशी घालायची ते ठरवत आलो. वाक्यं जुळवली, पाठ केली. डोंगर बाहेर होता, पण मी बघितलं नाही.

दार उघडंच होतं. मी सरळ आत गेलो, खुर्चीत बसलेल्या अर्चनाचे दोन्ही हात हातात घेतले आणि बोलायला सुरुवात केली. "अर्चना, वाईट वाटून घेऊ नकोस. आपण दोघं एकमेकांना पुरेसे आहोत. नशिबात नव्हतं म्हणायचं. मी आहे ना तुला." आणखीही बरंच होतं, पाठ केलेलं. मध्येच मला जाणवलं की खोलीत शिऱ्याचा वास येतोय. मान वर केली, तर सोफ्यावर शिंपी काकू बसलेल्या, हातात बशी. शेजारी सासूबाई, चांदवडहून आलेल्या. दोघी तोंडातला घास तसाच ठेवून माझ्याकडे बघत होत्या.

"जावईबापूंना सांगितलं नाय का गं अजून?" सासूबाईंनी विचारलं.

अर्चना हसत होती, आणि तिचे डोळे भरले होते. "राहिलाय, अहो," ती म्हणाली. "राहिलाय."

मी तिच्या पायाशी फरशीवर बसलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. मग जरा सावरल्यावर, तुम्ही विचाराल तेच मी विचारलं. "कधी कळलं?"

"अकरा वाजता."

"काकूंना?"

"सव्वाअकराला. आईला साडेअकराला. ती बस पकडून आलीसुद्धा."

"आणि मला साडेचारपर्यंत नाही? मी बाप आहे गं त्याचा."

"म्हणून तर," अर्चना म्हणाली. "डॉक्टरांनी फोनवर आजपासून नवीन गोळ्या सांगितल्यात. सिस्टर म्हणाल्या, आधी गोळ्या आणा, पहिली पोटात जाऊ द्या, आणि मग मिस्टरांना कळवा."

"आणि तू ऐकलंस त्यांचं?"

"नाही," ती म्हणाली. "मी दोन गोळ्या होईपर्यंत थांबले."